बोनेरला कुठे उतरायचं

बोनेरचा नकाशा समोर घेतला की आधी वारा बघायचा. कॅरिबियन समुद्रातलं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून ऐंशीएक किलोमीटरवरचं हे २८८ चौरस किलोमीटरचं बेट, आणि त्याच्यावर जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून वारा येत असतो. पूर्व किनाऱ्यावर लाटा खडकांवर फुटत राहतात. पश्चिम किनारा बेटाच्याच आडोशाला, म्हणून शांत. त्यात बेट मधे वाकलेलं, आणि त्या बाकाच्या पुढ्यात जेमतेम ८०० मीटरवर क्लाइन बोनेर नावाचं निर्जन बेट, त्यामुळे मधलं पाणी आणखीच निवांत. स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायला येणारी बहुतेक माणसं या पश्चिमेच्या पट्ट्यातच राहतात. म्हणजे कुठे राहायचं याचं अर्धं उत्तर वाऱ्याने देऊन ठेवलंय. उरलेलं अर्धं आपण शोधायचं, आणि ते खोलीच्या फोटोंत सापडत नाही.

मी नेदरलँड्समध्ये राहते. बोनेर १० ऑक्टोबर २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, ॲम्स्टरडॅमहून थेट विमान जातं, त्यामुळे इथल्या डायव्हर मंडळींत बोनेरचा विषय सारखा निघतो. कुणालाही विचारा, तो आपल्या हॉटेलचं नाव सांगतो. न्याहारी चांगली, तलाव मोठा, खाटेवरून समुद्र दिसतो. दिसतो हे ठीक आहे. पण त्या समुद्रात उतरायचं कुठून, भरलेले सिलिंडर रात्री मिळतात का, ओलं सामान कुठे टांगायचं, हे कोणी आपणहून सांगत नाही. डायव्हरचा सगळा दिवस याच गोष्टींवर चालतो. ॲल्युमिनियमचा एक भरलेला सिलिंडर सतराएक किलोचा. वर शिशाची वजनं, ओला सूट. हे सगळं पाठीवर घेऊन वीस पायऱ्या चढायच्या असतील, तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळची डाइव्ह माणूस आपोआप सोडून देतो. आणि बोनेरला जाऊन संध्याकाळ सोडायची म्हणजे बोनेर सोडण्यासारखंच आहे.

म्हणून माझं मत असं, की रात्री पाण्यातून बाहेर आल्यावर पाच मिनिटांत चालत घरी पोचता येईल अशीच जागा घ्यावी. बाकी सोयी नंतर.

बोनेरला हे जमतं, कारण इथली प्रवाळं किनाऱ्याला अगदी चिकटून आहेत. पाण्यात शिरलं की आधी वाळूचा उथळ, सपाट भाग, त्यात मधेमधे हलणारी मऊ प्रवाळांची झुडपं. थोडं पोहलं की दहाएक मीटर खोलीवर कडा येतो, आणि तिथून प्रवाळाचा उतार तीस मीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही खाली जातो. बोट लागत नाही. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यांच्यावर त्या त्या डायव्हिंगच्या जागेचं नाव. बेटाभोवती अशा ऐंशीहून अधिक जागा नावानिशी ठरलेल्या आहेत, आणि त्यांतल्या पन्नासहून अधिक ठिकाणी किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाता येतं. ज्या हॉटेलच्या किंवा अपार्टमेंटच्या थेट पुढ्यात असा उतार असतो, त्याला तिथे हाउस रीफ म्हणतात. लाकडी धक्का, एक शिडी, धक्क्यावर रांगेने सिलिंडर. क्रालेंडाइक या राजधानीच्या उत्तरेला, हातोच्या बाजूला, अशा जागा एकापुढे एक आहेत.

ही पद्धत रुजवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. डॉन स्ट्युअर्ट मूळचा कॅलिफोर्नियाचा. १९६२ मध्ये तो आपलं शिडाचं जहाज घेऊन बोनेरला लागला आणि तिथलाच झाला. १९७६ मध्ये त्याने कॅप्टन डॉन्स हॅबिटॅट सुरू केलं. डायव्हरला दिवसा-रात्री केव्हाही, बोटीच्या वेळापत्रकावर न थांबता पाण्यात जाता यावं, ही त्याची धारणा. बोटींच्या नांगरांनी प्रवाळं फुटू नयेत म्हणून कायमचे बोये बसवण्याच्या कामातही तो पुढे होता. बेटानेही वेळेवर शहाणपण दाखवलं. भाल्याने मासे मारायला १९७१ मध्ये बंदी आली, आणि १९७९ मध्ये भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचं बेटाभोवतीचं सगळं पाणी सागरी उद्यान झालं. आज स्टिनापा ही संस्था ते सांभाळते. आलेल्या प्रत्येक डायव्हरने पहिली डाइव्ह ओळखीची म्हणून करायची, नियम ऐकायचे, हातमोजे घालायचे नाहीत, हा तिथला दंडक आहे. हातात मोजे नसले की माणूस प्रवाळाला हात लावायला धजत नाही.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. पन्नासहून अधिक जागा असताना एकाच धक्क्यापाशी का राहायचं? त्याला बेल्नेम हवं होतं. विमानतळाच्या दक्षिणेला बंगल्यांची वस्ती आहे, तिथे घर घ्यायचं, पिकअप घ्यायची, मागे सिलिंडर टाकून रोज नव्या पिवळ्या दगडापाशी थांबायचं. याला तिथे पुष्कळ माणसं खरं बोनेर म्हणतात, आणि त्यात अर्थ आहे. दक्षिणेकडे हिल्मा हूकर आहे. हे ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज गांजासकट पकडलं गेलं आणि सप्टेंबर १९८४ मध्ये बुडालं. आता तीस मीटरवर कुशीवर निजलंय. जहाजांत मीठ भरायचा धक्का आहे. तिथे जहाज लागलेलं नसेल तेव्हाच पाण्यात जायची परवानगी. खांबांवर नारिंगी प्रवाळं, खांबांच्या मधून उन्हाचे पट्टे आणि माशांचे थवे. एंजल सिटी, ॲलिस इन वंडरलँड इथे एका प्रवाळरांगेमागे वाळूची पट्टी आणि पलीकडे दुसरी रांग. बेल्नेममधून हे सगळं हाताशी येतं.

पण पिकअप ही एक वेगळी नोकरीच आहे. सकाळी सिलिंडर उचलायचे, रिकामे परत करायचे, किनाऱ्यावर फुटक्या प्रवाळांच्या गोट्यांतून तोल सांभाळत पाण्यात शिरायचं. गाडीत काही ठेवायचं नाही, पाकीट नाही, फोन नाही. काचा खाली करून गाडी उघडीच सोडा असं तिथे सगळेच सांगतात, म्हणजे भुरट्या चोराला काच फोडायचं कारण राहत नाही. दिवसा हे सगळं मजेचं आहे. रात्री, दोन डाइव्ह आधीच झालेल्या असताना, मला ते नको वाटतं. आणि बोनेरचं सगळ्यात मोठं वैभव रात्रीचं आहे असं मला मनापासून वाटतं.

एक उदाहरण सांगते. पौर्णिमेनंतरच्या दोन-पाच रात्री, सूर्य मावळून गेलेला आणि चंद्र अजून उगवायचा असतो, तेव्हा मधे काळोखाची एक फट पडते. त्या वेळात उथळ पाण्यात ऑस्ट्राकॉड नावाचे दोन मिलिमीटरसुद्धा नसलेले कवचधारी जीव माद्यांना बोलावतात. एकेक नर वर वर पोहत जातो आणि ठरावीक अंतराने निळ्या प्रकाशाचा ठिपका सोडत जातो. ठिपक्यांची उभी माळ तयार होते. शेजारी दुसरी. मग सगळीकडे. टॉर्च बंद करून, श्वास संथ ठेवून, मऊ प्रवाळांच्या झुडपांमधे तरंगत राहायचं. हे सगळं थोड्याच वेळात आटोपतं. त्या अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही पाण्यात असायलाच हवं, आणि त्यासाठी काळोख पडताना तुम्ही गाडीत नसून धक्क्यावर सूट चढवत असायला हवं. बेल्नेमवरून हे अशक्य आहे असं नाही. पण घर धक्क्याला लागून असेल तर आज हुकलं तरी उद्या पुन्हा जाता येतं.

रात्रीचं आणखी एक. टार्पन हे माणसाएवढे, चांदीच्या पत्र्यासारख्या खवल्यांचे मासे तुमच्या खांद्यावरून पुढे येतात, तुमच्या टॉर्चच्या उजेडात शिकार करायला. तुमचा झोत ज्या लहान माशावर पडला, तो गेलाच. म्हणून तिथली प्रशिक्षक आम्हाला सांगायची, झोपलेल्या माशावर उजेड धरू नका. त्याच कड्यावर कपारीत पोपट मासा स्वतःभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून निजलेला असतो. त्याच्यावरून झोत पटकन बाजूला घ्यायचा.

आणि एकाच जागी रोज गेलं की दिवसाही वेगळ्याच गोष्टी कळायला लागतात. धक्क्याच्या एका खांबावर सार्जंट मेजर माशाने जांभळट अंड्यांचा थर घातला होता. नर तिथून हलत नव्हता. माझ्यासारख्या त्याच्या शंभरपट मोठ्या प्राण्यावरही धावून यायचा. रोज तो थर थोडा वेगळा दिसायचा, रंग उतरत गेला, जवळून पाहिलं की अंड्यांत डोळ्यांचे ठिपके दिसू लागले. एका सकाळी खांब स्वच्छ, आणि नर कुठेच नाही. पिवळ्या स्पंजावर बसलेला फ्रॉगफिश, हा एका जागी दडून बसणारा मासा, सापडला तेव्हा आम्हाला वाटलं नशीब. मग कळलं की तो तिथेच असतो, आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नास जागा एकेकदा बघितल्या तर मासे दिसतात. एका जागी राहिलं तर त्यांचे दिवस दिसतात. आणि कमी काही मिळतं असंही नाही. बारी रीफ या एकाच जागी तीनशेहून अधिक जातींचे मासे नोंदलेले आहेत, आणि ती जागा कुठे दूर रानात नसून सुट्टीसाठी भाड्याने देतात त्या अपार्टमेंटांच्या पुढ्यातच आहे.

या वेळी आमच्याबरोबर आई होती. ती गुहागरची, समुद्र बघतच मोठी झालेली, पण पोहता येत नाही. डायव्हरांच्या घोळक्यात न डायव्ह करणाऱ्या माणसाचा विचार बहुधा शेवटी होतो. आम्ही तो आधी केला, आणि त्यानेच बेल्नेमचा वाद मिटला. बेल्नेमला ती दिवसभर बंगल्यात एकटी बसली असती किंवा आमच्यामागे उन्हात पिकअपमध्ये. धक्क्यापाशी तिला काम मिळालं. आम्ही पाण्यात उतरलो की ती घड्याळ बघून वेळ टिपून ठेवायची. ठरवून दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं पलीकडे गेलो तर डायव्ह सेंटरच्या माणसाला सांगायचं, एवढंच. रात्री तिला वरून आमचे टॉर्च दिसायचे. "अगं, तुझा दिवा सारखा हलतो, जावईबापूंचा एका जागी असतो," असं तिने मला सांगितलं, आणि ते खरं होतं. मी खालच्या पाण्यात फार वळवळते. माझ्या प्रशिक्षकांनी जे कधी टिपलं नव्हतं ते तिने धक्क्यावर बसून टिपलं.

तिला एक गोष्ट मात्र पटेना. "एवढा वारा आणि पाऊस कसा नाही?" बोनेरला वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस. कोकणच्या माणसाला हा आकडा ऐकून घशाला कोरड पडते. घरांना निवडुंगाची कुंपणं, रस्त्यावर मोकाट गाढवं, आणि नळाला येतं ते समुद्राचं मीठ काढून गोड केलेलं पाणी. ते येतं कुठून हे कळल्यावर तिने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो मी स्वतःहून कधी विचारला नव्हता: "मग जातं कुठे?"

राहायची जागा निवडताना विचारायचा हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असावा असं मला आता वाटतं. बेटाचा बराचसा भाग जुन्या प्रवाळाच्याच चुनखडीचा आहे. चुनखडी सच्छिद्र. शोषखड्ड्यात सोडलेलं सांडपाणी तिच्यातून झिरपत समुद्राला मिळतं, त्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळाला पोसतं, आणि शेवाळ माजलं की प्रवाळाच्या पिल्लांना रुजायला जागा राहत नाही. शेवाळ खाणाऱ्या पोपट माशांच्या मासेमारीवर बेटाने २०१० मध्ये बंदी आणली ती याच काळजीने. किनाऱ्याच्या पट्ट्यासाठी युरोपीय संघाच्या निधीतून मलवाहिन्या टाकल्या, प्रक्रिया केंद्र बांधलं. पण बेटावरचं प्रत्येक घर त्याला जोडलेलं नाही. खाटेवरून समुद्र दिसणाऱ्या खोलीची न्हाणी त्या समुद्राला काय देते, हे आरक्षणाच्या आधी एका ओळीत विचारता येतं. काही मालक उत्तर देत नाहीत. जे देतात, त्यांच्याकडे जावं.

कारण पाण्याखाली सगळं ठीक नाही. २०२३ मध्ये दगडी प्रवाळांच्या पेशी गळून पडण्याचा आजार बोनेरला पोचला. फ्लोरिडात २०१४ मध्ये पहिल्यांदा दिसलेला हा आजार कॅरिबियनभर पसरत आलाय. मेंदूच्या आकाराची, शंभर-शंभर वर्षं वाढलेली प्रवाळं काही आठवड्यांत पांढरी पडून मरतात. त्याच वर्षी पाणी तापल्यामुळे प्रवाळांचं विरंजनही झालं, म्हणजे त्यांचा रंग जाऊन ती पांढरी पडली. आमच्या धक्क्यापुढच्या कड्यावर एक भलं मोठं प्रवाळ असं मेलेलं होतं. शेवाळाचा करडा लेप, आणि एका बाजूला हाताच्या तळव्याएवढा जिवंत तुकडा. रोज त्याच्यापाशी जाऊन यायचे. आजार सामानावरून पसरू नये म्हणून जागा निवडताना आता मी हेही बघते, की सामान धुवायला नुसत्या गोड्या पाण्याचा हौद आहे की शेजारी जंतुनाशकाचाही आहे. जिथे तो भरलेला असतो आणि कोणीतरी तो वेळेवर बदलतं, तिथल्या माणसांना आपल्या पुढ्यातल्या पाण्याची काळजी आहे असं समजायला हरकत नाही.

माणसांचंही बघावं. २०११ च्या सुरुवातीला बेटावर साधारण १५,७०० माणसं होती; २०२४ मध्ये ती २५,००० च्या वर गेली. एवढ्याशा बेटावर घरं महाग होतात तेव्हा सगळ्यात आधी तिथल्या लोकांना ती परवडेनाशी होतात. मालक बेटावरच राहतो का, काम करणारी माणसं तिथली आहेत का, हे मी विचारते. आम्ही शेवटी घेतली ती तळमजल्यावरची दोन खोल्यांची साधी जागा, रस्त्याच्या आतल्या बाजूची. मालकीणबाई शेजारीच राहतात आणि सकाळी तिथल्या पापियामेंतू भाषेत "बोन दिया" म्हणून आईशी मराठी-इंग्रजीच्या मिश्रणात गप्पा मारतात. समुद्र दिसत नाही. रस्ता ओलांडला की पलीकडे एका हॉटेलचा धक्का, त्यांच्याकडून सिलिंडर घ्यायचे. स्वयंपाकघर होतं म्हणून आईचा आणि माझा शाकाहार सुखाने चालला. नवऱ्यासाठी मधले काही दिवस पिकअप घेतली आणि दक्षिणेला जाऊन आलो.

त्या दक्षिणेच्या रस्त्यावर मिठागरांच्या कडेला बुटक्या दगडी झोपड्यांची रांग आहे. गुलामांसाठी १८५० मध्ये बांधलेल्या. दार इतकं ठेंगणं की वाकून, जवळजवळ रांगतच आत जावं लागतं; आत उभं राहता येत नाही. मीठ काढणारी माणसं आठवडाभर इथे झोपायची आणि आठवड्याच्या शेवटी घरी, बेटाच्या उत्तरेला रिंकोनला, तासन्‌तास चालत जायची. १८६३ मध्ये कॅरिबियनमधल्या डच वसाहतींत गुलामगिरी संपली. झोपड्यांसमोर दोन पिवळे दगड आहेत, व्हाइट स्लेव्ह आणि रेड स्लेव्ह, आणि पाणी तिथे सुंदर आहे. आई एका झोपडीच्या दारात वाकून आत बघत बराच वेळ उभी होती. आम्ही त्या दिवशी तिथे पाण्यात गेलो नाही.

रिंकोनला मात्र गेलो, आणि त्यामुळे माझ्या आधीच्या मतात एक भर पडली. लागोपाठ डाइव्ह केल्यावर शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जायला वेळ द्यावा लागतो. विमानात बसण्याआधी किमान १८ तास पाण्याखाली जायचं नाही. म्हणजे शेवटची रात्र धक्क्यापाशी काढायचं कारण उरत नाही. उलट तिथे बसून दुसरे लोक पाण्यात जाताना बघणं जड जातं. रिंकोन बेटावरचं सगळ्यात जुनं गाव, डोंगरांमधल्या खोलगटात, समुद्रावरून दिसू नये अशा बेताने वसलेलं. तिथे बोकडाचा रस्सा आणि फुंची मिळते. मक्याच्या पिठाची ही फुंची आईने चमचाभर खाल्ली, आणि सरळ उकडीशी नातं जोडून वर कच्चं तेल मागितलं. तेल मिळालं.

आता पुढच्या खेपेचं ठरतंय. नवऱ्याचा बेल्नेमचा हट्ट सुटलेला नाही. मी धक्क्यासमोरच्या त्याच जागेसाठी मालकीणबाईंना विचारून ठेवलंय, आणि शेवटच्या रात्रीसाठी रिंकोनमध्ये एखादं घर मिळतं का ते बघायला सांगितलंय. तिथलं पाणी कुठे जातं हेही विचारलंय.